पणजीचं नाव काय होतं?

आज सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. हातातलं काम चालू दे, उत्तर मनातल्या मनात द्या. तुमच्या आजोबांचं नाव काय? ते लगेच सांगाल. पणजोबांचं? बहुतेकींना तेही येईल, कारण जमिनीच्या कागदावर ते कुठेतरी असतं. आता सांगा, तुमच्या आजीच्या आईचं नाव काय होतं? तिचं माहेर कुठलं?

इथे आपण अडतो. मीही अडले होते.

आमचं घर अलिबागच्या खारेपाटातलं. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी भातशेतीच्या सातबारावर त्यांचंच नाव होतं. वारस नोंद करायची म्हणून चुलतभावाने वंशावळ लिहून आणली. वर आजोबा, खाली तीन मुलगे, त्यांच्या खाली नातू. ओटीवर बसलेल्या आत्याने तो कागद वाचून घेतला आणि विचारलं, "मी या घरात जन्मलेच नव्हते का रे?" भाऊ म्हणाला, "आत्या, तुला कुठे जमीन हवी आहे?" आत्या म्हणाली, "हवी की नको ते मी सांगेन. आधी माझं नाव तर लिही."

कागद परत लिहिला गेला. पण लिहिताना कळलं, की आत्याची आई सोडली तर आमच्या घरात आलेल्या आणि घरातून गेलेल्या कुठल्याच बाईची नोंद कुणाकडे नाही. म्हणून आज आपण बोलणार आहोत ते घराण्याचा मागोवा कसा घ्यायचा याबद्दल, आणि तोही बायकांच्या नावांसकट.

आपल्याच किनाऱ्यावरचं एक उदाहरण

आपले पूर्वज शोधत लांबून येणारी माणसं अलिबाग तालुक्याने खूप पाहिली आहेत. ती म्हणजे बेने इस्रायली, आपले कोकणातले यहुदी. त्यांची परंपरा सांगते, की फार पूर्वी नवगावजवळ एक गलबत फुटलं आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचा विस्तार म्हणजे हा समाज. ही मंडळी गावोगाव राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. बोलायची मराठी, नेसायची लुगडी.

त्यांची आडनावं ऐका: नवगावकर, किहीमकर, झिराडकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर. आडनावातच गाव. १९४८ साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या काही दशकांत यांतली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आज त्यांची नातवंडं-पतवंडं अलिबागला येतात, इस्रायल आळीतलं प्रार्थनास्थळ बघतात, नवगावच्या दफनभूमीत जातात, दगडावरची नावं वाचतात. आडनावाने त्यांना गावापर्यंत आणलेलं असतं. पुढे घर कुठलं, विहीर कुठली, हे सांगायला शेजारची एखादी म्हातारी लागते.

यात आपल्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, 'कर' लावलेलं आडनाव हा पत्ता असतो. तुमचं आडनाव गावावरून असेल आणि तुम्ही त्या गावात राहत नसाल, तर तुमचं घराणं केव्हातरी तिथून उठून आलेलं असण्याची शक्यता मोठी. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. शास्त्रज्ञांनी या समाजाच्या रक्ताच्या तपासण्या केल्या. आईकडून मुलीकडे आणि पुढे तिच्या मुलीकडे असा जो धागा उतरतो, तो त्यांच्यात बराचसा इथल्याच भूमीतल्या बायकांशी जुळतो, असं दिसून आलं. म्हणजे बाहेरून आलेल्या पुरुषांशी इथल्या बायकांनी संसार केले आणि समाज उभा राहिला. त्या बायकांची नावं मात्र परंपरेत राहिली नाहीत. रक्तात आई राहिली, नावात राहिली नाही.

हे फक्त आपल्याकडे झालं असं समजू नका. अमेरिकेत पहिली शिरगणती १७९० साली झाली. तिच्यात घरातल्या फक्त कर्त्याचं नाव लिहीत. बायको, मुलं यांचा नुसता आकडा. सगळ्यांची नावं लिहायला सुरुवात झाली १८५० साली, आणि तेव्हाही गुलाम म्हणून ठेवलेल्या माणसांची नावं लिहिली नाहीतच. त्यामुळे तिथे आज जुन्या पूर्वजांचा शोध घेणारेही पणजोबांपर्यंत सहज जातात आणि पणजीपाशी अडतात. आपल्या देशात पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख बायकांची नावं मतदारयादीतून गळली. मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांतल्या या बायका. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगितलं. असं नाव यादीत धरलं गेलं नाही.

आधी माणसं, मग कागद

शोध कुठून सुरू करायचा? स्वतःपासून. एका वहीच्या मधल्या पानावर आपलं नाव लिहा. एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला आई. मग त्यांचे आईवडील. प्रत्येकापुढे पाच गोष्टी लिहायच्या: नाव, गाव, जन्म, लग्न, मृत्यू. तारीख माहीत नसेल तर खूण लिहा. 'कोयना भूकंपाच्या वर्षी मोठा मुलगा झाला' असं आजी म्हणाली, तर ते साल १९६७, डिसेंबर महिना. 'गांधीबाबांना मारलं तेव्हा मी मांडीवर होते' म्हणाली, तर १९४८, जानेवारी. बायका साल सांगत नाहीत, पण प्रसंग बरोबर सांगतात.

बाईचं नाव लिहिताना दोन्ही नावं लिहा, माहेरचं आणि सासरचं. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची चाल होती. माहेरच्या गावात ती एका नावाने सापडेल, सासरच्या कागदावर दुसऱ्याच. ही एक गोष्ट विसरलात तर सगळा शोध चुकतो.

घरातल्या सगळ्यांत वयस्क बाईकडे आधी जा, आणि आजच जा. "आमची वंशावळ सांग" असं म्हटलं तर ती म्हणेल, "मला काय कळतंय त्यातलं?" तसं विचारू नका. "तुझ्या लग्नात मामा कोण उभा होता? पहिलं बाळंतपण कुठे झालं? बाळाला नाव कुणी ठेवलं? दिवाळीला भाऊबीज घेऊन कोण यायचं?" असं विचारा. मग एकेक नाव बाहेर येतं. मोबाइलवर आवाज भरून ठेवा. जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही भरून ठेवा, कारण ओवीत बाई स्वतःच्या माहेरच्या गावाचं आणि भावाचं नाव गुंफते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. कुठल्याही दप्तरात नसलेल्या बायका त्या ओव्यांत आहेत.

कुलदैवत कोणतं, देवक कोणतं, हेही विचारून घ्या. घराणं कुठून आलं याचा माग त्यातून लागतो. एकाच आडनावाची दोन घरं असतील आणि देवक वेगळं असेल, तर ती बहुधा एकाच मुळाची नसतात.

आणि माळ्यावरची भांडी खाली काढा! हसू नका. आपल्याकडे लग्नात दिलेल्या हंड्या-कळश्यांवर, परातींवर नाव घालायची पद्धत. कुणी दिलं, कुणाला दिलं, कधीकधी गाव आणि साल. बाईचं नाव कागदावर नसेल, पण तांब्या-पितळेवर असतं. भंगारात देण्याआधी त्यावरचं वाचा, फोटो काढा.

कोणता कागद कुठे मिळतो

आता कागदांकडे वळू.

शाळेचा दाखला सगळ्यांत सोपा. जुन्या शाळेत 'दाखल-खारीज रजिस्टर' असतं. त्यात मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख मिळते. आजोबा-काका ज्या शाळेत गेले, तिथे मुख्याध्यापकांकडे अर्ज करून उतारा मागता येतो.

जन्म-मृत्यूची नोंद आज ग्रामपंचायतीत होते. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९चा. त्याआधीच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात, त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. या वह्यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात विचारा. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचं नाव नसतं, नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव असतं. त्यामुळे शोधताना बापाच्या नावाने शोधा.

जमिनीचे कागद सगळ्यांत मागे नेतात. नुसत्या सातबारावर थांबू नका. सातबारावर गोलात जो आकडा असतो, तो फेरफाराचा नंबर. तो फेरफार म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद काढा. जमीन कुणाकडून कुणाकडे आली, कोण मयत झालं, वारस कोण, हे त्यात लिहिलेलं असतं. त्या फेरफारातून त्याच्या आधीचा फेरफार मिळतो, आणि असं पायरी पायरीने मागे जाता येतं. वारसांची वेगळी नोंदवही असते, ती गाव नमुना ६क. जुने सातबारा आणि फेरफार आता 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावरही बघता येतात. गटातल्या एखाद्या शिकल्यासवरल्या मुलीला हाताशी धरा.

जुन्या कागदावर 'जिल्हा कुलाबा' दिसला तर गोंधळू नका. आपल्या जिल्ह्याचं नाव १९८१ साली रायगड झालं. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या भागातल्या मैत्रिणींना १९४८च्या आधीच्या कागदांवर जंजिरा संस्थानाचं नाव दिसेल, कारण तिथे तेव्हा सिद्दी नबाबाचं राज्य होतं.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात. आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं, की त्या घराण्याचे उपाध्याय कोण ते कळतं. घरातलं कुणी पूर्वी यात्रेला किंवा श्राद्धाला गेलं असेल तर त्याच्या हातची नोंद मिळते, आणि अशा नोंदींत आई, बायको यांची नावंही लिहिलेली सापडतात. कोर्लईसारख्या गावातल्या ख्रिस्ती मैत्रिणींसाठी चर्चची बाप्तिस्म्याची वही आहे. तिच्यात बापाबरोबर आईचंही नाव असतं. मुसलमान मैत्रिणींनी घरातले जुने निकाहनामे जपून ठेवावेत, त्यात वधूचं आणि तिच्या वडिलांचं नाव असतं.

जुन्या कागदाची भाषा

जुना फेरफार हातात आला तर काही शब्द अडवतात. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. 'धर्मा बिन नामा' म्हणजे नामाचा मुलगा धर्मा. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. 'सखू कोम धर्मा' म्हणजे धर्माची बायको सखू. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. घरातल्या एकाच भावाचं नाव लावून जमीन सगळ्यांची असायची, त्याची ही खूण. भांडणं बहुतेक इथूनच निघतात.

आणि एक अक्षरसमूह आपल्या फार कामाचा आहे: 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. बाप वारला आणि मुलं लहान असली, की मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. आई' असं लिहून त्या विधवेचं नाव घालत. नवरा जिवंत असेपर्यंत जिचं नाव कुठेच नव्हतं, ती बाई नवरा गेल्यावर कागदावर आली. म्हणून 'कोम' आणि 'अ.पा.क.' हे दोन शब्द दिसले की थांबा, तिथे कुणाची तरी पणजी आहे.

फार जुने कागद मोडी लिपीत असतात. मोडी म्हणजे परकी भाषा नव्हे, मराठीच, फक्त अक्षर वेगळं. राज्य सरकारचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं. २०२३पासून कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गावोगाव गरज पडली. आपल्या मुलींनी ही लिपी शिकली तर चार पैसेही मिळतील आणि गावाचाही उपयोग होईल.

हे सगळं कशासाठी?

कुणी म्हणेल, गेलेल्यांची नावं शोधून भात शिजतो का? तर ऐका.

निवडणुकीत राखीव जागेवर उभं राहायचं, तर जातीचा दाखला आणि पडताळणी लागते. लग्न झालेल्या बाईला तो माहेरच्या, म्हणजे बापाकडच्या पुराव्यावरच मिळतो. पुरावाही जुना लागतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५०च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांसाठी १९६१च्या आधीचा, इतर मागासवर्गासाठी १९६७च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा बघतात. अर्ज भरायची वेळ आली की आपण माहेरी फोन करतो आणि तिथे कुणाला काही सापडत नाही. वही आधीच तयार असेल तर ही धावपळ होत नाही.

दुसरं जमिनीचं. हिंदू वारसा कायदा १९५६चा. बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी तेव्हापासून वारस आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार, हे २००५च्या दुरुस्तीने झालं. महाराष्ट्राने तर १९९४ सालीच तसा कायदा केला होता. २००५ साली बाप हयात नव्हता म्हणून मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. बौद्ध, जैन, शीख यांनाही हाच कायदा लागू होतो. मुसलमान, ख्रिस्ती, यहुदी मैत्रिणींचे वारसा कायदे वेगळे आहेत.

वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे गेला, की नोटीस निघते आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. त्या वंशावळीत मुलींची नावं आहेत का, हे त्याच वेळी बघायचं. हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोड पत्र करता येतं, पण ते आपल्या मर्जीने, वाचून, समजून. नाव लिहायचंच नाही, हा काही हक्क सोडायचा मार्ग नव्हे. कोऱ्या कागदावर तर अंगठा कधीच द्यायचा नाही.

आता थोडं दिलाशाचं. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि मग आडनाव, असा नियम महाराष्ट्राने केला आहे. पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांची मुलं शोध घेतील, तेव्हा त्यांना आईचं नाव शोधत माळ्यावर चढावं लागणार नाही. पण आपल्या आया-आज्यांसाठी हा नियम मागे जाऊन काम करत नाही. ते काम आपल्याला करायचं आहे.

तीन गोष्टी सांभाळा

वंशावळ काढताना घरात झाकलेलं काही बाहेर येतं. कुणाचा पाट लागलेला असतो, कुणी दत्तक असतं, कुणाला घराबाहेर काढलेलं असतं. वहीत खरं लिहा, पण त्याची चावडीवर चर्चा करू नका. ज्या बाईला तेव्हा सोसावं लागलं, तिला आज परत सोसायला लावू नका.

"तुमचं घराणं राजघराण्यातलं आहे, एवढे पैसे द्या, वंशावळ करून देतो" असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. कागद दाखवल्याशिवाय कुणाचं ऐकू नका. आपण मीठ पिकवलं, भात लावलं, जाळी ओढली, त्यात कमीपणा कसला?

आणि वंशावळीचा फोटो मोबाइलवर सगळ्या गटांत पाठवू नका. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, आधार नंबर त्यात मुळीच लिहू नका.

आता आमच्या घरची गोष्ट पुरी करते. आत्याचं नाव वंशावळीत चढलं. हिश्श्याचं काय करायचं ते तिने स्वतः ठरवलं, आणि काय ठरवलं ते तिच्यापाशी. पण त्यानंतर तीच एक दिवस म्हणाली, "माळ्यावरचा मोठा हंडा काढ गं." चिंचेने घासला. काठाखाली अक्षरं उमटली: माझ्या पणजीचं माहेरचं नाव, तिच्या बापाचं नाव, आणि रोह्याकडच्या एका गावाचं नाव. आत्याला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिने त्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आजीला सगळे 'गे' म्हणूनच हाक मारायचे. मला वाटायचं, तिला नावच नव्हतं."

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एका कागदावर चार नावं लिहून आणा: आई, आईची आई, वडिलांची आई, आणि सासूची आई. प्रत्येकीचं माहेरचं नाव आणि गाव लिहा. जिथे अडाल तिथे जागा कोरी ठेवा, आणि त्या कोऱ्या जागेचं उत्तर कोणत्या म्हातारीला माहीत असेल ते बाजूला लिहा. तिच्याकडे या आठवड्यातच जाऊन या.